होती तशी

टोपीवाल्यांनी तोंडातली एक चूक जिभेच्या शेंड्याने ओठांवर आणली, हातोडीच्या चुंबकाने उचलली आणि कापडाच्या दुमडीवरून आतल्या लाकडी पट्टीत ठोकली. मग दुसरी ठोकली, तिसरी ठोकली. गाडीच्या टपाचं मागचं टोक आता ताणून बसत आलं होतं. बारीक खिळ्यांना चुका हे नाव ज्या कुणी दिलं त्याला या धंद्याची चांगलीच माहिती असणार, कारण टोपीवाले दिवसभर तोंडात मूठभर चुका घेऊन वावरायचे आणि जेवायच्या वेळी उरलेल्या डबीत थुंकायचे.

तेवढ्यात फोन वाजला. शिवणाच्या मशीनवर बसलेल्या वहिनींनी पाय थांबवले, उठून फोन घेतला, पलीकडचा आवाज ऐकला आणि फोन तसाच आणून नवऱ्याच्या कानाला लावला. टोपीवाल्यांच्या एका हातात ताणलेलं कापड होतं, दुसऱ्यात हातोडी.

"वकिलीणबाई," वहिनी हळूच म्हणाल्या.

"टोपीवाले, मी उद्या सकाळी येतेय गाडी न्यायला," फोनमधून आवाज आला. "झालीय ना?"

"हूं," टोपीवाले म्हणाले.

"एक विचारायचं राहून गेलं. तुम्ही जाणकार, तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी आपलं विचारते. पुढच्या सीटवर ह्यांच्या बसण्याने खळगा पडला होता बघा. तो तसाच आहे ना?"

टोपीवाल्यांची हातोडी हवेतच राहिली.

"ह्यांना जाऊन वर्ष होऊन गेलं," बाई सांगत होत्या. "मुलांनी घर आवरलं. कपडे दिले, चष्मे दिले, खुर्चीसुद्धा दिली कुणाला तरी. त्यांचंही बरोबरच आहे, मला त्रास नको म्हणून केलं. पण मी हात ठेवीन अशी ह्यांची एकसुद्धा जागा राहिली नाही घरात. ती एक गाडीतली आहे. तिच्यावर हात ठेवून एकदा गावाबाहेरच्या रस्त्याने जाऊन येणार आहे मी. बाकी काही नको मला. म्हणून तर तुम्हाला म्हटलं होतं, होती तशी करून द्या. आहे ना खळगा?"

"हूं," टोपीवाले म्हणाले. तोंडात चुका असलेल्या माणसाला हूं सोडून दुसरं काही म्हणताच येत नाही.

"जिवात जीव आला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

टोपीवाल्यांनी चुका डबीत थुंकल्या. हातातलं कापड सुटलं आणि सकाळपासून ताणून बसवलेलं टोक सुरकुतलं.

"काय म्हणाल्या?" वहिनींनी विचारलं.

"खळगा आहे ना म्हणाल्या."

दोघांनी एकदमच गाडीच्या पुढच्या सीटकडे पाहिलं. ती या दारापासून त्या दारापर्यंत सपाट होती. ताठ, भरदार, तुकतुकीत. तिच्यावर आजवर कुणीही बसलेलं नाही हे लांबून बघणाऱ्यालाही कळलं असतं. हीच सीट पाहून जुन्या गाड्यांच्या क्लबचे सेक्रेटरी टोपीवाल्यांना भर गॅरेजात मिठी मारून गेले होते.

टोपीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उघड्या गाडीवर जो कापडी टप असतो, हवा तेव्हा दुमडून मागे टाकता येणारा, त्याला गॅरेजात टोपी म्हणत आणि तो शिवून चढवण्यात या माणसाची हयात गेली होती. "आमचा धंदाच लोकांना टोप्या घालण्याचा," असं ते नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगायचे. गिऱ्हाईक हसलं की वहिनी मशीनवरून म्हणायच्या, "हसू नका, खरं आहे ते." वहिनी म्हणजे त्यांची बायको. शिवण तिची, ठोकाठोक यांची. सगळं गॅरेज तिला वहिनी म्हणायचं, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

या धंद्यात काम दोनच प्रकारचं. एक 'आहे तशी'. म्हणजे गाडी नुसती चालती करायची. फाटलं तेवढं शिवायचं, सुटलं तेवढं आवळायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. दुसरं 'होती तशी'. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी होती तशी. मधली सगळी वर्षं खरवडून काढून टाकायची. गिऱ्हाईक आलं की टोपीवाले एवढंच विचारत, आहे तशी की होती तशी, आणि उत्तर मिळालं की पुढे काही विचारत नसत. वकिलीणबाईंच्या मुलाने गाडी दोरीने ओढत आणली, मागून दुसऱ्या गाडीतून बाई आल्या आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, होती तशी करून द्या. टोपीवाल्यांना तर हर्षच झाला. अशी गाडी जन्मात एकदा हाताखाली येते, आणि तिला ठिगळं लावून परत पाठवायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं असतं. बाईंच्या मनात होतं ते वेगळंच. नवरा होता तेव्हा होती तशी. तो गेल्यावर गाडी शेडमध्ये पडून राहिली, उंदरांनी टप कुरतडला, इंजिन जाम झालं, तेवढं फक्त नीट करून. हे त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

तसं पाहिलं तर गाडीचं रूपच माणसाला भान विसरायला लावणारं होतं. लांबलचक नाक, पुढे दोन मोठाले दिवे, जवळजवळ काळा वाटावा असा गर्द तांबडा रंग, समोर अक्रोडाच्या लाकडाची पाटी. दार लावलं की आदळल्याचा आवाज यायचा नाही, जाडजूड पुस्तक मिटल्यासारखा यायचा. टप मागे टाकला की आत बसलेल्याला पुढे ते नाक आणि वर आभाळ, याखेरीज काही दिसायचं नाही. भल्याभल्यांना तिने नादाला लावलं होतं.

पहिला मालक जहाजांचा धनी. होणाऱ्या जावयासाठी त्याने ती खास बांधून घेतली आणि लग्न मोडलं. मग रागाच्या भरात त्याने कुणालाच तिच्यात बसू दिलं नाही, स्वतःही बसला नाही. नुसता जाता-येता तिच्या खोळीवर काठी हाणायचा, त्याचे पोचे मागच्या मडगार्डवर होते. त्याच्यानंतरची मालकीण एक गाणारी. ती ड्रायव्हर ठेवून मागे बसायची, तेही सीटवर नव्हे. सीटच्या पाठीवर बसून पाय सीटवर ठेवायची, म्हणजे रस्त्यावरच्या लोकांना नीट दिसेल. तिच्या उंच टाचांची भोकं मागच्या चामड्यात होती. आवाज गेला तशी तिने गाडी काढून टाकली, ती एका कंत्राटदाराने घेतली आणि या राजेशाही वाहनातून तो सिमेंटची पोती वाहू लागला. अक्रोडाच्या पाटीवर त्याच्या चिरुटाचा डाग होता. पुढे त्याचा एक पूल पडला, खटला उभा राहिला, वकीलसाहेबांनी त्याला सोडवला आणि फीऐवजी गाडी ठेवून घेतली. साहेबांना गाडीचं जे वेड लागलं ते मरेपर्यंत सुटलं नाही. क्लबचे सेक्रेटरी ही वंशावळ दर प्रदर्शनात सांगत आणि दर खेपेला थोडी वाढवत.

टोपीवाल्यांनी काठीचे पोचे काढले. टाचांची भोकं गेली, सिमेंट खरवडलं गेलं, चिरुटाचा डाग तासून त्यावर पॉलिश चढलं. आणि सीटही गेली. पुढची सीट अखंड, एकच लांब. तिच्यात दोन खळगे होते, एक खोल आणि रुंद, दुसरा नुसता नावाला. सीट काढताना टोपीवाल्यांनी दोन्हीवरून हात फिरवला होता आणि वहिनींना म्हणाले होते, "माणूस भारी होता, बाई हलकी." मग त्यांनी सीट टेबलावर पालथी घातली आणि चिमट्याने चुका उपसायला सुरुवात केली. पालथ्या सीटला उजवं-डावं राहत नाही. कुजलेलं चामडं एकीकडे, काथ्या आणि घोड्याचे केस एकीकडे, दमलेल्या स्प्रिंगा एकीकडे. जेवायच्या आत सगळं मोकळं झालं होतं आणि टोपीवाले शीळ घालत हात धुवायला गेले होते.

ती शीळ आता त्यांना आठवली.

"फोन करा आणि सांगून टाका," वहिनी म्हणाल्या.

"काय सांगू?"

"झालं ते सांगा. चूक झाली म्हणा."

"तुमचा नवरा भंगारात दिला, असं सांगू?"

टोपीवाल्यांनी फोन उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि ठेवून दिला. मग स्कूटरची किल्ली घेतली आणि ते बाहेर पडले.

भंगारवाला ओळखीचा होता. वजनकाट्यावर बसून तो केळं खात होता. टोपीवाल्यांनी विचारल्यावर त्याने साल मागे भिरकावलं आणि म्हणाला, "काका, तुमच्या स्प्रिंगा केव्हाच भट्टीत गेल्या. आता कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळया होऊन पडल्या असतील."

"सगळ्या?"

"एखाददुसरी मागे ठेवून मी काय तिची पूजा करू?"

"काथ्या?"

"काथ्या कोण ठेवतो हो? जाळला. केससुद्धा जाळले, काय घाण वास आला. काय हरवलंय का त्यात? सोनंबिनं?"

"नाही," टोपीवाले म्हणाले. "तसलं काही नाही."

चामडं तर त्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं, ते त्यांनी स्वतःच टाकलं होतं. टोपीवाले बाहेर आले आणि स्कूटरला किक न मारता तिच्याशेजारी फुटपाथवर बसले. समोरून माणसं जात होती. आजवर आपण किती सीटा भरल्या याचा ते विचार करू लागले आणि तो विचार त्यांना आवरेना. प्रत्येक सीटमध्ये कुणीतरी बसलेलं होतं. कुणाचा कोपर टेकून झिजलेली दाराची कड, कुणाच्या डोक्याच्या तेलाचा पाठीवरचा डाग, पोरांनी नखांनी उसवलेली शिवण. सगळं त्यांनी उपसलं, झाडलं, बुजवलं आणि वर ताणून कातडं मारलं. लोकांनी वाहवा केली. याला आपण कसब म्हणत आलो. त्यांना आपल्या हातांची किळस आली. हे आता कुणाला सांगायचं आणि सांगून तरी काय व्हायचं, म्हणून ते बराच वेळ तिथेच बसून राहिले.

परत आले तेव्हा नवी सीट टेबलावर पालथी पडलेली होती आणि वहिनी चिमट्याने तिच्या चुका उपसत होत्या. ठोकाठोकीला त्या एरवी हात लावत नसत.

"सांगणार नसाल तर करा तरी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "कशीही सीट सांगा, करून देतो, असं म्हणता ना?"

"असा खळगा करता येत नाही गं."

"मग करा फोन."

टोपीवाल्यांनी बाह्या वर केल्या. जुन्या सामानाच्या पेटीतून त्यांनी मोडीतल्या स्प्रिंगा शोधून काढल्या, त्यातल्या लुळ्या पडलेल्या निवडल्या. नव्या काढून त्या बांधायला घेतल्या.

"कुठल्या बाजूला?" वहिनींनी विचारलं.

"काय कुठल्या बाजूला?"

"खोल होता तो. उजवीकडे की डावीकडे?"

"स्टीअरिंगच्या बाजूला. दुसरीकडे कुठे असणार? गाडी वकीलसाहेब चालवणार की वकिलीणबाई?"

वहिनींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "तुम्हाला नक्की आठवतंय?"

"अगं, धंदा माझा आहे."

वहिनींनी सुतळी कापून त्यांच्या हातात दिली. मग दोघं कामाला लागले. लुळ्या स्प्रिंगांवर त्यांनी ओला काथ्या घातला, त्यावर कापसाचा पातळ थर, त्यावर नवं चामडं सैल टाकलं आणि सीट उचलून गाडीत बसवली. आता वजन पाहिजे होतं. टोपीवाले स्वतः जाऊन बसले.

"तुम्ही बसून काय होणार?" वहिनी म्हणाल्या. "सीटला कळणारसुद्धा नाही कुणी बसलंय म्हणून."

"मग तू बस."

"तोंड सांभाळा."

शेवटी ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणल्या, एकीवर एक रचल्या, त्यावर खिळ्यांचं पोतं ठेवलं. स्टीअरिंगच्या मागे बॅटऱ्या बसलेल्या पाहून एरवी दोघांना हसू आवरलं नसतं. दुपारभर टोपीवाले चामड्यावर ओलं फडकं टाकून इस्त्रीने वाफ देत राहिले, पोतं थोडं दाराकडे, थोडं मागे सरकवत राहिले. भारी माणूस नेमका मध्ये बसत नाही, दाराकडे कलतो, हे त्यांना ठाऊक होतं. जुन्या सीटवरून फिरवलेला हात ते आठवत होते. तळव्याला तो खळगा कसा लागला होता, कड कुठे उतरत होती, तळाशी किती मऊ होतं. हाताला सगळं आठवत होतं, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

दिवस मावळायच्या सुमाराला बॅटऱ्या उचलल्या. सीटमध्ये खळगा होता. खोल, रुंद, दाराकडे किंचित उतरता. शेजारची बाजू ताठ आणि कोरी. टोपीवाल्यांनी खळग्यावर तळवा ठेवला आणि क्षणभर त्यांना स्वतःलाच खरं वाटलं.

"बघ," ते म्हणाले.

वहिनींनीही हात ठेवला. "माणूस उठून गेल्यासारखं वाटतं खरं."

"मग झालं तर."

"झालं कुठलं," वहिनी म्हणाल्या आणि पदराला हात पुसत मशीनकडे गेल्या. सुरकुतलेलं टपाचं टोक टोपीवाल्यांनी पुन्हा ताणलं आणि उरलेल्या चुका मारून टाकल्या.

सकाळी वकिलीणबाई भाड्याच्या गाडीतून आल्या. एकट्याच. बारीक चणीची, पांढऱ्या केसांची बाई, खांद्याला पर्स, पायात सपाट बूट. टोपीवाल्यांनी टप दुमडून मागे टाकला होता आणि गाडी गॅरेजच्या तोंडाशी उभी केली होती. बाई थबकल्या. मग गाडीभोवती सावकाश फिरल्या. मडगार्डवरून, दिव्यांवरून, अक्रोडाच्या पाटीवरून त्यांनी नजर फिरवली, आणि ती फिरता फिरता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"किती नवी दिसतेय," त्या म्हणाल्या.

"रंग तोच आहे, बाई. अस्सल."

"हो. तो चिरुटाचा डाग कुठे गेला?"

"काढला."

"ह्यांना फार आवडायचा तो. पक्षकाराची सही म्हणायचे त्याला." बाईंनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "असू दे. डागाचं काय एवढं. खळगा ठेवलात ना, तेच पुष्कळ आहे."

टोपीवाल्यांनी मान हलवली. वहिनी मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन चालत नव्हतं.

"ड्रायव्हर मागून येतोय का?" टोपीवाल्यांनी विचारलं. "की मुलगा येणार आहे?"

"ड्रायव्हर कशाला?" बाई म्हणाल्या.

त्या वळसा घालून स्टीअरिंगच्या बाजूला गेल्या, सवयीच्या हाताने दार उघडलं आणि आत बसल्या. बसल्या त्या खाली गेल्या. स्टीअरिंगची वरची कड त्यांच्या नाकासमोर आली आणि काचेतून दिसायचं नाहीसं झालं. काय झालं ते त्यांना कळलं नाही. पण तोवर त्यांचा डावा हात आपोआप उचलला गेला होता. तळवा उघडा ठेवून तो शेजारच्या जागेवर उतरला आणि ताठ कातड्यावर अडला.

बाईंनी दाबून पाहिलं. नव्या स्प्रिंगांनी हात वर ढकलला. त्यांनी थोडं पुढे दाबलं, थोडं दाराकडे दाबलं. आंधळ्या माणसाने चाचपावं तसा तो हात त्या सपाट सीटवर फिरत राहिला.

टोपीवाल्यांना सगळं कळलं. त्यांनी दाराची कड धरली.

"हे इथे बसायचे," बाई म्हणाल्या. "ह्यांना कधी चालवायला आलीच नाही. शिकवायला गेले तर पहिल्याच दिवशी फाटक पाडलं. गाडीची हौस सगळी ह्यांची आणि चालवणं माझं. ह्यांनी टप मागे टाकायचा, टोपी काढून मांडीवर ठेवायची आणि डोळे मिटून बसायचं. कोर्टात सुद्धा मीच सोडायची." त्यांनी स्वतःच्या खाली पाहिलं, कडेने हात फिरवला. "मग हा खळगा कुणाचा आहे?"

टोपीवाल्यांना काहीतरी सांगता आलं असतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोललेला माणूस तो.

"बॅटऱ्यांचा," ते म्हणाले. "ट्रकच्या बॅटऱ्या ठेवल्या होत्या, बाई. काल. खरा राहिला नाही. भंगारात गेला, मी शोधायला गेलो होतो. होती तशी म्हणालात, तर मी धंद्यातलं होती तशी समजलो."

बाई रागावतील असं त्यांना वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंनी सीटवरचा हात काढला नाही. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मीच नीट सांगायला हवं होतं."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. बाईंनी विचारलं, "किती दिवसांत पडतो असा खळगा?"

"तो असा दिवसांत पडत नाही, बाई."

"म्हणजे?"

"कुणीतरी बसावं लागतं," टोपीवाले म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. एखाद्या डॉक्टरने सांगितलेलं पटावं तशी. मग त्या स्टीअरिंगवरून पुढे बघायचा प्रयत्न करू लागल्या, पण त्यांना दिसेना. वहिनी उठल्या, मशीनच्या खुर्चीवरची स्वतःची जाड उशी घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढे धरली. बाई जरा उचलल्या, वहिनींनी उशी खाली सरकवली. खळगा भरला आणि बाई होत्या त्या उंचीवर आल्या.

"परत पाठवते उशी," बाई म्हणाल्या.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "आणि आता कुठे निघालात? बसा थोडं, चहा करते."

"नको. जाऊन येते म्हटलं होतं ना, तर जाऊन येते."

"एकट्याच?"

बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, आवाज असा की कानाला लागू नये. ते काम टोपीवाल्यांचं नव्हतं, पण एरवी त्यांनी मिशीला हात लावला असता.

गाडी मागे घ्यायची होती. टोपीवाले सवयीने फाटकाकडे गेले आणि येऊ द्या, येऊ द्या म्हणायला त्यांनी हात वर केला. बाईंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. गाडी मागे घेणारा चालक घेतो तसा त्यांनी डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला, खांद्याभोवती टाकावा तसा, आणि मान डावीकडे वळवली. चेहरा त्या कोऱ्या जागेकडे. तसंच मागे बघत त्यांनी ती लांबलचक गाडी कुठेही न घासता, एकदाही न थांबता फाटकातून बाहेर काढली आणि रस्त्याला लावली.

गाडी सरळ झाली. मान पुढे वळली, तरी हात पाठीवरच होता. मागून एक ट्रक येऊन थांबला, त्याने हॉर्न दिला. मग गिअर टाकायला हात लागला, तेव्हा बाईंनी तो काढला.